आम्लयुक्त सांडपाणी: कॉस्टिक सोडा की चुना?

धातू आम्लाच्या टाकीतून काढून धुतल्यावर जे पाणी निघते, ते उदासीन करण्यासाठी कोणता आम्लारी वापरावा, हा निर्णय मला काही वर्षांपूर्वी घ्यावा लागला. आमच्या पाण्यात सल्फ्युरिक आम्ल होते आणि त्यासोबत विरघळलेले जस्त. मी आधी कॉस्टिक सोडा चालवून पाहिला आणि नंतर चुना. आता नवी यंत्रणा उभारणारे कोणी सल्ला विचारतात, तेव्हा मी दोघांचीही बाजू मांडतो, पण माझा कल बहुधा त्यांच्या लक्षात येतोच.

उदासिनीकरणाच्या हिशेबात दोघांत फारसे अंतर नाही. जेवढ्या आम्लाला ४० ग्रॅम कॉस्टिक लागतो, तेवढ्यालाच ३७ ग्रॅम भिजवलेला चुना पुरतो. खरा फरक विद्राव्यतेत आहे. साधारण २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात कॉस्टिक एक किलोहून अधिक विरघळतो, तर चुना जेमतेम १.७ ग्रॅम. हा आकडा पाहून चुना कमी प्रतीचा वाटतो, आणि मीही तसेच समजून पहिल्यांदा कॉस्टिक निवडला होता.

कॉस्टिकची सोय नाकारता येणार नाही. तो द्रवरूपात येतो, बारीक नळीतून वाहतो, धूळ उडत नाही, जागा थोडी लागते आणि गाळही कमी होतो. ५० टक्के द्रावण १२ अंशांच्या आसपास थिजू लागते, एवढी काळजी थंड हवेत घ्यावी लागते. डोळ्यांचे आणि त्वचेचे रक्षण दोन्ही पदार्थांच्या बाबतीत तितक्याच कसोशीने करावे लागते, म्हणून तो मुद्दा मी तुलनेत धरत नाही.

माझा निर्णय फिरवला तो एका त्रासाने, आणि तो त्रास म्हणजे सामूची (pH, म्हणजे पाणी किती आम्ल वा आम्लारी आहे याच्या मापाची) न थांबणारी वरखाली. सामूची मोजपट्टी १९०९ साली सोरेन्सन यांनी मांडली, ती लघुगणकी आहे. तिच्यावरचा प्रत्येक अंक म्हणजे दहापट फरक. त्याचा प्रत्यक्ष अर्थ मला डोसिंग पंपाजवळ (मोजून रसायन सोडणाऱ्या पंपाजवळ) उभे राहिल्यावर कळला. समजा, तीव्र आम्लामुळे १००० लिटर पाण्याचा सामू २ झाला आहे. ते उदासीन करायला सुमारे ४०० ग्रॅम कॉस्टिक लागतो, म्हणजे ५० टक्के द्रावण जवळपास अर्धा लिटर. पण त्याच पाण्याचा सामू ४ वरून १० वर जायला फक्त ८ ग्रॅम पुरतात, आणि ५० टक्के द्रावणात ते अवघे १० मिलिलिटर भरतात. पाण्यात विरघळलेले धातू असले की हे आकडे बदलतात, हे मान्य. तरी शेवटच्या टप्प्यावरचा हा निसरडेपणा जात नाही. पंपाचे दोन-तीन ठोके जास्त पडले, तरी सामू हवा तिथून पुढे निघून जातो.

जस्ताच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते, कारण जस्ताचे हायड्रॉक्साइड उभयधर्मी आहे, म्हणजे ते आम्लातही विरघळते आणि तीव्र आम्लारीतही. सामू ९ च्या आसपास ते छान खाली बसते, पण सामू १२ च्या पुढे गेला की तेच जस्त झिंकेट या विद्राव्य क्षाराच्या रूपात परत विरघळते. एका रात्रपाळीत आमच्याकडे नेमके हेच झाले. पाणी इतके नितळ दिसत होते की ऑपरेटरला सगळे सुरळीत वाटले, आणि जस्त मात्र त्या नितळ पाण्यातूनच बाहेर जात होते. लक्षात आल्यावर आम्ल घातले, ते जास्त झाले, सामू ४ वर आला आणि जस्त दुसऱ्या बाजूने विरघळले. मग पुन्हा कॉस्टिक. त्या रात्री किती आम्लारी आणि किती आम्ल एकमेकांना मारण्यात खर्ची पडले, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो. पुढे द्रावण १० टक्क्यांवर आणून पाहिले. त्रास कमी झाला, पण गेला नाही, कारण कॉस्टिकची अभिक्रिया क्षणात होते आणि सामू मोजणाऱ्या मापकाला ते कळायला वेळ लागतो.

चुन्याच्या दुधाने, म्हणजे पाण्यात कालवलेल्या चुन्याने, हा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला, आणि त्याचे कारण त्याच्या कमी विद्राव्यतेतच आहे. पाणी आम्लधर्मी असते तोवर चुन्याचे कण भराभर विरघळतात. सामू ७ जवळ आला की त्यांचा वेग आपोआप मंदावतो. ज्या टप्प्यावर घाई घातक असते, तिथेच हा पदार्थ हळू होतो. शिवाय ५ टक्के दुधात शेवटच्या त्या टप्प्यासाठी १० मिलिलिटरऐवजी दीडशेच्या आसपास मिलिलिटर लागते, त्यामुळे पंपाला आणि माणसालाही सावरायला वाव मिळतो.

अर्थात चुना निर्दोष नाही. न विरघळलेले कण मागाहून विरघळत राहतात आणि टाकी सोडल्यानंतरही सामू चढत जातो, म्हणून ढवळण्याच्या टाकीत पाण्याला सुमारे अर्धा तास द्यावा लागतो. जागा नसेल तर हा मुद्दा निर्णायक ठरू शकतो. नळ्या तुंबतात, हीही खरी तक्रार आहे. दूध सतत फिरते ठेवले, वळणे रुंद घेतली आणि पंप थांबवताना नळी पाण्याने धुतली, तर ती पुष्कळ कमी होते. गरम पाण्याने मात्र धुऊ नये, कारण चुना गरम पाण्यात आणखी कमी विरघळतो. नळीत जमलेला कार्बोनेटचा थर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने निघतो. तिथे सल्फ्युरिक वापरले तर जिप्समचा (कॅल्शियम सल्फेटचा) नवा थर बसतो.

पाण्यात आम्ल कोणते आहे, हे पाहिल्याशिवाय मात्र निवड करू नये. सल्फ्युरिक आम्ल दाट असेल तर चुन्यामुळे बरेचसे सल्फेट जिप्सम होऊन गाळात उतरते, तर कॉस्टिकने झालेले सोडियम सल्फेट सगळेच पाण्यात राहून विद्राव्य क्षार वाढवते. पाण्यात आम्ल विरळ असेल तर हा लाभ उरत नाही, कारण जिप्समही लिटरमागे दोन ग्रॅमपेक्षा थोडे अधिक विरघळते. फ्लोराइड असेल तर माझ्या मते चर्चेला फारशी जागाच नाही: कॅल्शियम फ्लोराइड खाली बसते, सोडियम फ्लोराइड बसत नाही. उलट, नुसते हायड्रोक्लोरिक किंवा नायट्रिक आम्ल असेल, प्रवाह लहान असेल आणि उभयधर्मी धातू नसतील, तर कॉस्टिक घेणाऱ्याला मी अडवणार नाही.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड याहूनही सौम्य आहे आणि त्याचा सामू १०.५ च्या आसपासच थांबतो, पण मला तो फार संथ वाटला. सोडा ॲशमुळे (सोडियम कार्बोनेटमुळे) कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो, म्हणून मी त्याच्या वाटेला गेलो नाही.

निर्णयापूर्वी आपलेच पाणी दोन बरण्यांत घेऊन एकीत कॉस्टिक आणि दुसरीत चुन्याचे दूध घालून पाहावे, अर्ध्या तासाने सामू मोजावा आणि गाळाची उंची दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावी. आमच्या कॉस्टिकच्या बरणीत फुगीर, जेलीसारखा गाळ निम्म्या उंचीपर्यंत तरंगत राहिला होता. चुन्याचा गाळ वजनाला अधिक होता, पण तो तळाशी घट्ट बसला होता आणि वरचे पाणी सहज ओतून घेता आले.