नाताळ ते पावसाळा : इन-इअरवरची गिटार

नाताळच्या आधी भुसावळच्या आमच्या चर्चमध्ये स्टेजवरचे मॉनिटर, म्हणजे वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेले स्पीकर, काढले आणि वाजवणाऱ्यांना वायरचे इन-इअर, म्हणजे कानात घट्ट बसणारे इअरफोन, दिले. तेव्हापासून दर रविवारी त्यावरच वाजवतोय. भुसावळचा उन्हाळाही त्यात निघाला, म्हणून आता लिहितोय.

पत्र्याचं छप्पर, गरगरणारे पंखे, अशा हॉलमध्ये इन-इअर हे वरदान आहे. फीडबॅकची शिट्टी थांबली, मागच्या बाकांवरच्या आज्यांना गाण्याचे शब्द कळू लागले. एवढ्यासाठी मी हा बदल कुणालाही सुचवेन.

गिटारच्या टोनवर मात्र मेहनत घ्यावी लागते. अँपचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही देत नाही. इन-इअर त्याच्या बरंच वरपर्यंत ऐकवतात. त्यामुळे इफेक्टचं पेडल अँपशिवाय थेट मिक्सरला लावलं की ओव्हरड्राइव्ह, म्हणजे गिटारचा फाटका-खरखरीत आवाज, कानात माशी शिरल्यासारखा चरचरतो. त्यावर इलाज कॅबिनेट सिम्युलेशनचा, म्हणजे अँपच्या स्पीकरपेटीची नक्कल करण्याचा. मी मल्टी-इफेक्ट्समध्ये (अनेक इफेक्ट असलेलं एकच पेडल) १२ इंची स्पीकरचा आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स) टाकलाय, म्हणजे खऱ्या स्पीकरच्या आणि माइकच्या आवाजाचा टिपलेला ठसा. त्यापुढे हाय कट (त्यावरचा आवाज कापणारा) ६ किलोहर्ट्झच्या आसपास आणि लो कट (त्याखालचा कापणारा) १०० हर्ट्झवर. खाली बास आणि कीबोर्डचा डावा हात असतोच, तिथे गिटारचं काम नाही.

पॅच, म्हणजे पेडलमध्ये साठवलेली टोनची सेटिंग, घरी रात्री हळू आवाजात बनवू नका. आवाज वाढला की कानाला बास आणि ट्रेबल जास्त जाणवतात. घरचा गोड टोन हॉलमध्ये बोचतो. सगळे वाजवत असतानाच सेट करा.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. कान बंद झाले की मंडळीचं गाणं ऐकूच येत नाही, टोन कितीही चांगला असला तरी कोरडा वाटतो, आणि मग लोक एका कानातला इअरपीस काढून दुसऱ्या कानातला आवाज वाढवतात. कानांसाठी ते वाईट. आम्ही लोकांकडे तोंड करून एक माइक लावला. तो फक्त इन-इअरमध्ये जातो, हॉलच्या स्पीकरवर नाही. भजनाच्या धृपदाला ढोलकीबरोबर अख्खी मंडळी उचलून धरते तेव्हा तो आवाज गिटारभोवती येतो, आणि हातही वेगळाच चालतो. पेडलवर थोडा रूम रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा इफेक्ट) ठेवलाय, पण या माइकची सर त्याला नाही.

मिक्सर बेहरिंगरचा एक्सआर१८ आहे. त्याला ऑक्स, म्हणजे वेगळा मिक्स बाहेर पाठवायच्या वाटा, ६, म्हणजे सहा जणांना मोनो (दोन्ही कानांत एकच) मिक्स, आणि प्रत्येक जण आपला मिक्स मोबाइलवरून करतो. स्टीरिओ हवं तर दोन ऑक्स जातात, त्यामुळे स्टीरिओ डिलेचा, म्हणजे डाव्या-उजव्या कानात फिरणाऱ्या प्रतिध्वनीच्या इफेक्टचा, नाद सोडला. मोनोत गिटार-कीबोर्ड एकमेकांवर चढतात. आमच्या कीबोर्डवाल्या ताई वरच्या सप्तकात गेल्या आणि प्रश्न सुटला.

मे महिन्यात घामाने इअरपीसच्या सिलिकॉनच्या टिप सरकतात. टिप सैल झाली की बास गायब होतो आणि टोन पातळ लागतो, ईक्यूला (बास-ट्रेबल कमीजास्त करायच्या बटणांना) हात लावण्याआधी ते तपासा. फोमच्या टिप चांगल्या बसतात, फक्त त्या वरचेवर बदलाव्या लागतात.