प्लॅस्टिकच्या पात्याचा स्क्रेपर: गणपतीपासून होळीपर्यंत वापरून

गणपतीच्या आराशीसाठी पोरांनी सागवानी चौरंगाला ग्लूगनने झालर चिकटवली होती. विसर्जनानंतर झालर निघाली, गोंदाचे टिपके मात्र तसेच. म्हणून मुंबईतल्या नागदेवी स्ट्रीटवरून हा स्क्रेपर आणला. छोटी मूठ आणि पुढे दुहेरी धारेचं प्लॅस्टिकचं पातं, बस.

लाकडावर ओरखडा उठत नाही, हे खरं आहे. पण कडक गोंदावर पातं नुसतं घसरतं. आधी हेअर ड्रायर फिरवून गोंद मऊ करायचा, मग पातं जवळजवळ आडवं धरून रेषांच्या दिशेने ढकलायचं. कडेची पापडी उचलली गेली की अख्खा टिपका सुटून येतो; चौरंग असा चकाचक झाला. वीनियरवर, म्हणजे वरून चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थरावर, मात्र ड्रायर एका जागी धरू नये, खालचा गोंदही सैल होतो आणि थर फुगतो.

टेपच्या चिकट्यावर खोबरेल तेल चोळून थोडा वेळ ठेवलं आणि मग पातं फिरवलं. उरलेलं तेल साबणाच्या ओलसर फडक्याने पुसलं.

खरी परीक्षा आजोबांच्या शिसवी पेटीवर झाली. ग्लूगनचा गोंद स्पिरिटने सहज सुटतो, असं सगळे सांगतात आणि ते बरोबरही आहे. पण जुनं पॉलिश चपड्याचं, म्हणजे लाखेचं असतं, आणि चपडा स्पिरिटमध्येच विरघळवून लावतात! पेटीच्या तळाला कापसाने स्पिरिट टेकवलं तर लगेच चिकट लागलं. सॅनिटायझरही त्याच जातीचा. गरम हवाही अशा पॉलिशला सोसत नाही. तिथे पिशवीत बर्फ घालून टिपक्यावर धरला, गोंद ठिसूळ झाला आणि पात्याने तटकन उडाला. आपल्या दमट हवेत पिशवीला लगेच पाणी सुटतं. ते टिपत राहायचं, नाहीतर पॉलिशवर पांढरा डाग उमटतो.

पेटीच्या नक्षीत पातं शिरत नाही, तिथे तासलेली बांबूची काडी बरी. फेविक्विकचा एक थेंब मात्र हलला नाही. अ‍ॅसिटोनने निघेल, पण पॉलिशही जाईल, म्हणून राहू दिलाय.

पात्याची धार लवकर बोथट होते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासली की पुन्हा चालते, तरी दोन-तीनदाच. सोबत आलेल्या संत्र्याच्या वासाच्या बाटलीने तेलापेक्षा वेगळं काही केलं नाही. पुढच्या वेळी त्या पैशात सुट्या पात्यांचं पाकीट घेईन.