शुगर, ठिसूळ हाडं की हृदयातला स्टेंट: कणा सरळ करण्याच्या ऑपरेशनआधी काय जास्त जोखमीचं?

साठी-पासष्टीत कणा एका बाजूला झुकतो, माणूस पुढे वाकून चालायला लागतो आणि सर्जन सांगतात, पाठीपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत स्क्रू आणि रॉड घालावे लागतील. ऑपरेशन अनेक तासांचं, रक्तही बरंच जाणारं. घरी पहिला प्रश्न निघतो, ‘आईला शुगर आहे, झेपेल का?’ केसपेपरवर शुगर, बीपी, थायरॉइड, ठिसूळ हाडं सगळं एका ओळीत लिहिलेलं असतं, पण त्यांचं वजन सारखं नसतं.

शुगर आणि हाडं शेजारी ठेवून बघा. वाढलेल्या शुगरमुळे जखमेत जंतुसंसर्ग होतो, जखम उशिरा भरते. पण ती काही महिन्यांत खाली आणता येते. एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरीचा आकडा ७.५-८ च्या आत आल्याशिवाय बरेच सर्जन तारीख देत नाहीत. ठिसूळ हाडं मात्र मोडेपर्यंत दुखत नाहीत, म्हणून त्यांची चौकशीच होत नाही. सगळे स्क्रू धरायचे असतात ते याच हाडांत. भुसभुशीत भिंतीतल्या खिळ्यासारखे ते सैल होतात. कधी रॉड जिथे संपतो त्याच्या वरचा मणका दबतो, माणूस पुन्हा पुढे झुकतो आणि दुसरं ऑपरेशन दारात उभं राहतं. म्हणून मला शुगरपेक्षा हाडांची धास्ती जास्त वाटते. डेक्सा स्कॅन, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, झालीय का, हे आधी विचारा. रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांच्या आकड्यावर विसंबू नका. झिजलेल्या मणक्यांवर वाढलेल्या हाडामुळे तो खोटा चांगला दिसतो. खुब्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेत घनता किती कमी आहे तो आकडा, बघा. तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल, तर टेरिपॅराटाइडसारखी हाड बांधणारी इंजेक्शनं ऑपरेशनच्या काही महिने आधीपासून देता येतात. तेवढं थांबणं वाया जात नाही.

तंबाखूचंही तसंच. स्क्रू-रॉडने धरलेले मणके पुढे एकमेकांना जुळून एकसंध व्हायला हवे असतात. निकोटिनमुळे ते नीट जुळत नाहीत आणि न जुळलेल्या जागी रॉडवर ताण येऊन तो तुटू शकतो. ‘बिडी-सिगारेट नाही’ एवढं सांगून आपण मोकळे होतो. आईची रोजची मिश्रीही डॉक्टरांना सांगा.

स्टेंट ऐकून घर हादरतं, पण तिथे प्रश्न बहुतेकदा वेळेचा असतो. स्टेंटनंतर काही महिने रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू असतात. त्यामुळे ठरवून करायचं ऑपरेशन साधारण सहा महिने, हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर वर्षभर पुढे ढकलतात. गोळी कधी थांबवायची ते हृदयाचे डॉक्टर ठरवतील, आपण नाही. अशक्तपणाचं तसं नाही. वजन घटलंय, खुर्चीतून उठायला हात धरावा लागतो, रक्त आणि प्रथिनं कमी आहेत, अशा माणसाला गुंतागुंतीचा धोका मोठा असतो, मग वय ६२ असो की ७८. रक्त आणि आहार सुधारता येतो, बाकीचं काही अंशीच. पार्किन्सन (कंपवात) तर हटतच नाही. त्यात पुन्हा ऑपरेशन लागण्याची शक्यता बरीच जास्त, हे आधीच मान्य करून पुढे जावं लागतं.

ताब्यात असलेला बीपी आणि थायरॉइड या यादीत बरेच खाली.

अशक्त माणसासाठी सर्जनना आणखी एक विचारा: पूर्ण कणा सरळ न करता फक्त दबलेली नस मोकळी करून भागेल का? ऑपरेशन लहान, रक्त कमी जातं. पाय दुखणं थांबू शकतं, वाक मात्र राहतो, पुढे वाढूही शकतो. पुढे झुकल्यामुळे उभंच राहता येत नसेल, तर एवढ्याने समाधान होणार नाही. पण नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडता यावं एवढीच आईची इच्छा असेल, तर मी आधी याचाच विचार करेन.

ही सगळी थांबण्याची गणितं, पायातली ताकद जात नसेल तरच. पाऊल उचलेनासं झालं किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.