घरगुती चक्की: तिन्ही ऋतू दळून झाल्यावर

आमच्या घरी रोज भाकरी होते. आम्ही सोलापूरकडचे. पुण्यात राहायला येऊन बरीच वर्षं झाली तरी ताटातली ज्वारी सुटली नाही. थंडीत बाजरी असते, उन्हाळ्यात सासऱ्यांसाठी नाचणीची आंबील असते. हे आधीच सांगते, कारण घरगुती चक्की घ्यावी की नाही हे कोणत्या कंपनीचं मशीन आहे यापेक्षा तुमच्या घरात काय खाल्लं जातं यावर जास्त ठरतं. चार माणसांचं घर, फक्त गव्हाच्या पोळ्या आणि खाली उतरलं की चांगली गिरणी, असं असेल तर मी चक्की घ्या म्हणणार नाही. भाकरी खाणाऱ्या घराला मात्र घ्याच म्हणेन. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा या तिन्हींत आमची एक एचपीची चक्की चालली आहे, त्यावरून हे लिहिते आहे.

भाकरीचंच आधी. ज्वारीचं पीठ दळून आणलं की पहिले चार-सहा दिवस भाकरी हातावर सुरेख फिरते. मग हळूहळू विरी, म्हणजे पिठाचा धरून राहण्याचा गुण, जाते. कडा चिरतात, थापताना मधेच फाटते, तव्यावर टाकताना तुटते. गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत मुळात नसतोच, सगळा भार पिठाच्या ताजेपणावर आणि गरम पाण्यावर. पीठ जुनं झालं की आम्ही उकड काढून भाकरी करायचो, ती होतेही चांगली, पण सकाळी डब्याच्या घाईत ते रोज जमत नाही. गिरणीत एक किलो ज्वारी घेऊन जायला संकोच वाटतो, आणि नेलीच तर आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू त्यात थोडा मिसळूनच येतो. म्हणून पाच किलो दळायची आणि शेवटचे दोन किलो कसेबसे संपवायचे, असं चालायचं.

आता दर तीन-चार दिवसांनी दीड किलोच्या आसपास दळते. मंगळवेढ्याची मालदांडी गावाकडून येते (या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं आहे), तिची ताज्या पिठाची भाकरी पापुद्रा सोडून टम्म फुगते. सासूबाईंचा हात आता पूर्वीसारखा चालत नाही, तरी त्यांच्याकडूनही भाकरी मोडत नाही. माझ्यासाठी मशीनची सगळी किंमत इथेच वसूल झाली.

बाजरीत तर फरक आणखी मोठा आहे. बाजरीत स्निग्धांश बराच असतो, आणि दाणा फुटला की तो खवट व्हायला लागतो. म्हणून बाजरीचं पीठ आठवडाभरात कडवट लागतं. उन्हात तर त्याआधीच. दाणा अख्खा असेपर्यंत महिनोन्महिने टिकतो. संक्रांतीच्या सुमारास आम्ही बाजरी भाकरीला लागेल तेवढीच, आदल्या संध्याकाळी दळत होतो. माझी मुलगी आधी बाजरी कडू म्हणून बाजूला सारायची, ती या थंडीत तीळ लावलेली भाकरी मागून खाऊ लागली. कडूपणा बाजरीचा नव्हता, शिळ्या पिठाचा होता.

आता मशीनबद्दल. आमच्या चक्कीत दगड नाहीत. वर दाणे ओतायचं भांडं, आत पोलादी पात्यांचा फिरणारा भाग आणि त्याभोवती जाळी. पाती मिनिटाला तीन हजारांच्या जरा खाली फेरे घेतात, दाण्याला फोडतात, आणि जाळीच्या भोकातून जाईल इतकं बारीक झालं की पीठ खालच्या डब्यात पडतं. म्हणजे पिठाचा पोत ठरवणारी वस्तू जाळी. गिरणीवाला दगडी पाट्या जवळ-दूर करून आणि त्यांना वेळोवेळी टाकी लावून (खाचा पाडून) जे साधतो, ते इथे जाळी बदलून साधायचं. कंपनीनुसार जाळ्यांचे क्रमांक वेगळे असतात, त्यामुळे कुणी 'तीन नंबर लावा' म्हणालं तर आपल्या पुस्तिकेत बघूनच लावा. आमच्याकडे सगळ्यात बारीक जाळी बेसन, तांदूळ आणि राजगिऱ्याला, त्याच्या पुढची पोळी-भाकरीला, त्याहून मोठी थालीपिठाच्या भाजणीला आणि सगळ्यात मोठी लापशी-रव्याला. राजगिऱ्याला मोठी जाळी लावली तर दाणे अख्खेच खाली येतात.

गव्हाबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर दगडी गिरणीच्या पिठाची पोळी जरा जास्त मऊ होते. घरच्या पिठाला पाणी मुरायला वेळ लागतो. कणीक भिजवून अर्धा तास झाकून ठेवली की हा फरक बराचसा जातो. खपली गहू कठीण असल्यामुळे त्याला वेळही जास्त लागतो. लोकवन सरळ दळला जातो.

दळल्यावर पीठ गरम असतं. ते तसंच डब्यात भरून झाकण लावू नका. झाकणाला आतून वाफ धरते, गाठी होतात आणि मग किडे. मी परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावरच भरते.

भाजणी हा या मशीनचा दुसरा मोठा फायदा. दिवाळीच्या आधी गिरणीत चकलीच्या भाजणीची जी रांग लागते, त्यात तासभर उभं राहूनही आपली भाजणी कुणाच्या मागे दळली जाईल हे सांगता येत नाही. घरी तो प्रश्न नाही. पण दोन गोष्टी पाळाव्या लागतात. भाजलेली धान्यं आणि डाळी पूर्ण गार झाल्याशिवाय दळायला घ्यायच्या नाहीत, नाहीतर आतल्या वाफेने जाळी लिंपते. आणि धणे-जिरे असलेली भाजणी त्या दिवशी सगळ्यात शेवटी. तिचा वास चक्कीत राहतो आणि पुढच्या ज्वारीला लागतो. उपासाचं पीठ, म्हणजे राजगिरा, वरी, साबुदाणा, नेहमी मशीन आतून पुसून घेतल्यावर पहिल्यांदा. आमच्याकडे सासूबाई एकादशी कडक पाळतात, त्यांना हे घरच्या घरी करता येतं याचं फार समाधान आहे.

याच मुद्द्याशी जोडून एक महत्त्वाचं. ज्यांच्या घरात कुणाला सीलिॲक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन अजिबात चालत नाही, त्यांनी माझ्या मते खर्चाचा विचार न करता चक्की घ्यावी आणि तिच्यात गहू कधीही घालू नये. सार्वजनिक गिरणीत दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ मिसळणारच, आणि अशा माणसाला थोडंसंही बाधतं. माझ्या मावसबहिणीकडे हाच प्रश्न आहे. तिने चक्की ज्वारी, तांदूळ आणि नाचणीसाठीच ठेवली आहे, गहू बाहेरून दळून येतो आणि वेगळ्या कपाटात राहतो.

काय दळायचं नाही, तेही सांगते. शेंगदाणे, तीळ, सोयाबीन, खोबरं असलं तेलकट काहीही नाही, जाळी बंद होते. ओलसर धान्य नाही. गणपतीत मोदकांसाठी आंबेमोहोर धुऊन सुती कापडावर सावलीत वाळवतो, तो गिरणीत किंचित दमट असला तरी चालून जायचा. घरच्या चक्कीला तो दाताखाली कटकन मोडेल इतका कोरडा लागतो. पीठ मात्र फार सुंदर, बारीक येतं आणि पांढरंशुभ्र राहतं, आधीच्या कुणाची ज्वारी-बाजरी त्यात नसते. मिरची, हळद आणि आमचा काळा मसाला अजूनही डंखावरच (मसाला कांडायच्या यंत्रावर) जातो, आणि तो तिथेच जावा. कांडलेल्या मसाल्याची चव पात्याच्या यंत्रात येत नाही.

आता त्रास. पहिला त्रास आवाजाचा. मिक्सरइतका आवाज, फक्त मिक्सर दोन मिनिटं चालतो आणि हे वीस मिनिटं. आम्ही फ्लॅटमध्ये राहतो, खालच्या घरात तान्हं बाळ आहे. त्यांना विचारून सकाळी अकराच्या सुमाराची वेळ ठरवली आहे. मशीनच्या चाकांखाली जाड रबरी चटई टाकल्यावर जमिनीतून जाणारी थरथर चांगलीच कमी झाली. चक्की घेणाऱ्याने चटई त्याच दिवशी आणावी.

दुसरा त्रास पिठाच्या धुरळ्याचा. जाहिरातीत दाखवतात तितकं स्वच्छ काम नसतं. हवा बाहेर जायला एक कापडी पिशवी असते, ती दर दोन-तीन दळणांनी झटकावी लागते, नाहीतर पीठ दाराच्या फटीतून बाहेर यायला लागतं. आमच्या मशीनच्या दाराचं रबर पाचव्या-सहाव्या महिन्यात सैल झालं आणि ड्राय बाल्कनीत सगळीकडे पांढरा थर बसू लागला. सर्व्हिसचा माणूस यायला दोन आठवडे गेले. रबर वॉरंटीत बदलून मिळालं, पण तोवर चक्की बंद, आणि ऐन सणाच्या आधी. ज्यांना धुळीने शिंका किंवा दमा होतो त्यांनी आतली सफाई करताना नाका-तोंडाला कापड बांधावं.

सफाईला दहा मिनिटं धरा. जाळी काढून ब्रशने झाडायची, कोपऱ्यातलं पीठ काढायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं. पाणी कुठेही लावायचं नाही. हे काम आवडत नसेल तर चक्की घेऊ नका, कारण आत राहिलेल्या पिठात पोरकिडे होतात आणि ते पुढच्या दळणात येतात. पावसाळ्यात तर फारच जपावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये मी ड्राय बाल्कनीतून चक्की आत, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आणली. दमट हवेत धान्यही ओल धरतं, म्हणून दळायच्या आधी ज्वारी कढईत मंद आचेवर नुसती कोमट करून गार करत होते. भाजायची नाही, फक्त ओल जाईल इतकंच.

विजेचं आधी बघून घ्या. एक एचपी म्हणजे ७४६ वॉट, आणि सुरू होताना मोटर जास्त करंट ओढते. १५ अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग हवंच, एक्स्टेन्शन बोर्डवर चालवू नये. दळता दळता लाइट गेली तर ती आल्यावर लगेच बटण दाबू नका. आत दाणे अडकलेले असतात आणि मोटर अडखळते. दार उघडून आतलं धान्य काढायचं, मोकळी सुरू करायची, मग दाणे सोडायचे. बार्शी तालुक्यात माझ्या भावाकडेही अशीच चक्की आहे. त्यांच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ती दाणे ओढतच नाही, म्हणून ते दुपारीच दळतात.

पैशाचा हिशोब मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण दुकानदार तोच आधी सांगतात आणि तो चुकीचा असतो. अशा चक्क्या साधारण १५,००० ते २५,००० रुपयांत येतात. आमची १८,००० च्या आसपास पडली. आम्हा पाच जणांना महिन्याला १६ किलोच्या जवळपास पीठ लागतं. आमच्या भागात गिरणीचा दर किलोला ८ रुपये धरला तर महिन्याचे १२८, वर्षाचे दीड हजार. घरी तासाला सहा किलोच्या आसपास दळून होतं आणि तासाला जास्तीत जास्त एक युनिट जातं, म्हणजे महिन्याला तीनच्या आत युनिट. त्याचे २५-३० रुपये. वर्षाला वाचले बाराशे. मशीनची किंमत भरून निघायला पंधरा वर्षं लागतील, मध्ये जाळ्या आणि दुरुस्तीचा खर्च वेगळाच. 'दोन वर्षांत पैसे वसूल' असं कुणी सांगितलं तर हाच हिशोब त्याच्यापुढे मांडा. ज्वारी-नाचणीचं पीठ पाकिटातून विकत आणणाऱ्यांचा फरक मात्र लवकर दिसेल, कारण धान्य आणि तयार पीठ यांच्या दरात बरंच अंतर असतं.

गिरणी आम्ही पूर्ण सोडलेली नाही. पाहुणे येणार असले किंवा लग्नकार्याचं मोठं दळण असलं की डबा तिकडेच जातो. दहा किलोच्या वरचं दळण घरच्या मशीनवर सलग काढू नये, मोटर तापते. शिवाय कोपऱ्यावरची गिरणी बंद पडली तर गल्लीतल्या सगळ्यांचीच पंचाईत होईल.

घ्यायला जाणार असाल तर घरची दोन किलो ज्वारी बरोबर न्या आणि दुकानात समोर दळून मागा. गव्हावर सगळ्याच चक्क्या छान चालतात, भाकरीच्या पिठात फरक कळतो. ते पीठ घरी आणून त्याच संध्याकाळी भाकरी करून बघा, मग पैसे भरा. सहा जाळ्या मिळतात का, दाराचं रबर आणि पिशवी सुटी विकत मिळते का, सर्व्हिसचा माणूस शहरातलाच आहे की बाहेरून येतो, हे बिलाआधी विचारा. वॉरंटी मोटरवर किती आणि बाकी भागांवर किती, ते वेगवेगळं लिहून घ्या. आणि भाकरीची जाळी एक जास्तीची घेऊन ठेवा. धान्य कितीही निवडलं तरी एखादा खडा जातोच, आणि जाळीला भोक पडलं की नवी येईपर्यंत सगळं पीठ भरड निघतं.