फोटोबुक: चिकटवायचं की शिवायचं?

पन्नासच प्रती काढायच्या असतील तर ऑफसेट विसरा. त्यात चार रंगांच्या चार प्लेटा कराव्या लागतात, तो खर्च पन्नासांवर बसत नाही. लग्नाचा ‘करिझ्मा’ अल्बमही नको. तो सपाट उघडतो, पण पानं पुठ्ठ्यासारखी, आणि हातात घेणारा आधी नवरा-नवरी शोधतो. राहिलं डिजिटल प्रिंट. खरं अडतं त्याच्या पुढं: परफेक्ट बायंडिंग, म्हणजे कण्याला गरम गोंदानं पानं चिकटवणं, की शिलाई?

आम्ही तिघांनी दोन्ही केलंय. २०१६ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली तेव्हा आम्ही शाळेत होतो. आता तिघंही पुण्यात. सुट्टीला गेलं की गल्लीत ‘कधी आलास’च्या आधी ‘कधी जाणार’ विचारतात. आमचं पुस्तक त्याच्यावरच आहे.

पहिल्या वीस प्रती परफेक्ट बायंडिंगच्या. संध्याकाळी फाईल दिली, दुसऱ्या दिवशी दुपारी गठ्ठा हातात. कण्यावर नाव छान बसतं, पानं ६६ करा नाहीतर ७०, कुणी काही म्हणत नाही. स्वस्तही पडतं.

पण मधोमध आमचा सगळ्यात लाडका फोटो होता: उंचावरून काढलेली गंजगोलाई, म्हणजे लातूरची गोल बाजारपेठ, दोन पानांवर पसरलेली. पुस्तक उघडलं तर रस्ते आहेत, दुकानं आहेत, मधलं अंबाबाईचं देऊळ गायब! घडीत गेलेलं. बघणारा प्रत्येक जण अंगठ्यानं पान दाबायचा. आर्ट पेपर गुळगुळीत, त्याला तो गरम गोंद मुळातच नीट धरत नाही. माझ्या आजीनं देवीसाठी इतकं दाबलं की पान सुटून हातातच आलं. अर्ध्या देवळासकट तिनं ते देव्हाऱ्यात ठेवलं, तो भाग वेगळा.

पुढच्या तीस प्रती व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधणाऱ्या एका चाचांकडून शिवून घेतल्या. कटकट आहे, नाही म्हणत नाही. तीन आठवडे लागले, प्रत जवळपास दीडपट महाग पडली. शिलाईला सोळा-सोळा पानांचे फर्मे, म्हणजे घडी घातलेले जुडगे, लागतात, त्यामुळं ७० पानांची ६४ करावी लागली. गळालेले फोटो आज आठवतही नाहीत. शिवाय डिजिटलचा गडद काळा रंग घडीवर तडकतो. रात्रीची गोलाई काढून सकाळची घालावी लागली.

एक गोष्ट मात्र चाचांनी शिकवली. फर्म्याच्या मधली दोन पानं म्हणजे एकच अखंड कागद. ६४ पानांत अशा चारच जागा: ८-९, २४-२५, ४०-४१ आणि ५६-५७. “मोठा फोटो तिथं टाक बेटा, बाकी कुठं बी कापला जातो.” गोलाई २४-२५वर गेली. देवळाच्या मधून पांढरा दोरा जातो, पण देऊळ पूर्ण दिसतं. आणि पुस्तक टेबलावर ठेवलं की उघडंच राहतं, हात लावावा लागत नाही.

तुमच्याकडं दोन पानांवर पसरणारा एकही फोटो नसेल, तर कदाचित परफेक्ट बायंडिंगच बरं. उगाच कशाला खटाटोप. एक जरी असेल, तर छपाईआधी त्याच कागदाची कोरी डमी, म्हणजे नमुना प्रत, शिवून घ्या, आणि कागदाचा ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा, कण्याला समांतर आहे ना ते बघा, नाहीतर पानं फुगतात. आमची डमी मागू नका. चाचा तिच्यात आता उधारी लिहितात.