थंडीच्या सूपात कोणतं समुद्री शेवाळ घालावं : नोरी, वाकामे की कोंबू?

थंडी पडली की गरम सूप हवंसं वाटतं, आणि त्यात समुद्री शेवाळ घालायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, कोणतं? नोरी, वाकामे आणि कोंबू या जपानी स्वयंपाकातल्या तीन शेवाळांत आयोडीनच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. माझ्या मते निवड त्यावरूनच करावी.

मोठ्या माणसाला दिवसाला साधारण 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. त्यापासून थायरॉईडची संप्रेरकं बनतात, आणि शरीराने किती उष्णता निर्माण करायची हे बरंचसं ती ठरवतात. आयोडीन कमी पडून ही ग्रंथी मंदावली तर थंडी सोसवत नाही. ‘शेवाळाने अंगात ऊब येते’ या म्हणण्यात एवढंच तथ्य आहे. ज्याला कमतरता नाही, त्याला जास्तीच्या आयोडीनने जास्तीची ऊब मिळत नाही.

आता कोंबू. चव विचाराल तर याला तोड नाही. 1908 साली जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी उमामीचं, म्हणजे रश्शासारख्या भरदार पाचव्या चवीचं, मूळ असलेलं ग्लुटामेट याच्याच काढ्यातून वेगळं केलं. पण वाळलेल्या कोंबूच्या एका ग्रॅममध्ये हजार मायक्रोग्रॅमहून जास्त आयोडीन सहज असू शकतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या कितीतरी पट. आणि इथेच अनेकजण फसतात : तुकडा उकळून बाहेर काढला की झालं, असं त्यांना वाटतं. आयोडीन पाण्यात उतरतं, ते सूपाबरोबर पोटात जातंच. हिवाळाभर रोज असं सूप प्यायलं तर थायरॉईड मंदावू शकते किंवा उलट बेफाम होऊ शकते. कोंबू अधूनमधूनच वापरावं.

वाकामे मधलं. ग्रॅमभर वाळलेल्या पानांत बहुधा दीडशेच्या आतबाहेर आयोडीन असतं. भिजवल्यावर ते कितीतरी पट फुगतं, म्हणून चिमूटभर पुरे. आठवड्यातून दोन-तीनदा सूपात घालायला मला हेच योग्य वाटतं. मात्र वॉरफरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारा. यातलं व्हिटॅमिन के त्या औषधाच्या आड येतं.

वारंवार खायचंच असेल तर नोरी. एक पान जेमतेम तीन ग्रॅमचं, आयोडीन तिघांत सर्वांत कमी. भाजून मीठ लावलेली पानं मात्र टाळा, साधी घ्या.

हिवाळ्यात ऊन कमी मिळतं म्हणून व्हिटॅमिन डीसाठी शेवाळाकडे वळत असाल, तर ते यातून मिळणार नाही. सर्दी बरी होईल या आशेनेही घेऊ नका.

हिजिकी नावाचं काळं, तंतूंसारखं शेवाळही विकायला असतं. त्यात असेंद्रिय आर्सेनिक, म्हणजे आर्सेनिकचं विषारी रूप, फार असतं. ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने ते खाऊच नये असा सल्ला 2004 मध्येच दिला. ते घेऊच नका. गरोदर बायकांनी आणि थायरॉईडचं औषध घेणाऱ्यांनी बाकीच्या तिघांपैकी काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलावं, कोंबूच्या बाबतीत तर नक्कीच.