काकांच्या मेल्स, शिवाजी फॉन्ट आणि माझे पैसे

सांगलीहून काकूने पाठवलेला सीपीयू जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून आला. वर सुतळी. चुलतभाऊ गाडीतून उतरवताना म्हणाला, “दादा, हा आता भंगारवालाही घेत नाही, पण काकांचं सगळं ह्यातच आहे.” तो खरं बोलत होता. काकांनी आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत केला त्याची २००२ ते २००९ ची सगळी पत्रापत्री त्या डब्यात होती. कोण कुठल्या शाखेचा, कोण दत्तक गेला, कोकणातून घाटावर कोण कधी आला, कुणाच्या मुंजीचा फोटो. दुसरी आवृत्ती २००५ ला निघाली, २०१० ला काका गेले आणि सीपीयू माळ्यावर चढला. आता कुलमंडळाला तिसरी आवृत्ती काढायची आहे. मी निवृत्त, पुण्यात राहणारा, ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा’. त्यामुळे काम आपसूक माझ्याकडे.

ह्या मेल्स दुसरीकडे कुठेही नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. काकांचं कनेक्शन संचारनेटचं (बीएसएनएलची तेव्हाची इंटरनेट सेवा), डायल-अप. अशा कनेक्शनवर मेल सर्व्हरवर ठेवायची पद्धत नव्हती. फोन लावायचा, मेल्स खाली उतरवायच्या, फोन ठेवायचा. उतरली की सर्व्हरवरून पुसली जायची. म्हणजे जगात एकच प्रत, आणि ती ह्या चादरीत. भीती तिथूनच सुरू झाली होती; पुढच्यांनी तिचा फक्त भाव लावला.

सीपीयू लावला, बटण दाबलं, काही नाही. पंखासुद्धा फिरला नाही. मी लगेच ‘गेला’ असं ठरवून टाकलं. ह्या एका घाईची किंमत पुढे येईलच. दुकानातून हार्डडिस्क काढून घेतली, तिला सहाशे रुपयांची यूएसबी केस बसवली आणि माझ्या नव्या लॅपटॉपला जोडली. ‘लोकल सेटिंग्ज’ नावाच्या लपलेल्या फोल्डरात, आयडेंटिटीज, मग कंसातला लांबलचक आकडा, मग मायक्रोसॉफ्ट, मग आउटलुक एक्स्प्रेस. इतक्या पायऱ्या उतरल्यावर फाइली सापडल्या. आउटलुक एक्स्प्रेस, म्हणजे काकांचा मेलचा प्रोग्रॅम, दर फोल्डरची एक डीबीएक्स फाइल करायचा. सगळ्यात मोठी इनबॉक्सची, १.४ जीबी, पाठवलेल्यांची ३०० एमबीच्या आसपास. मी ते आकडे वहीत लिहूनही ठेवले. हे मुद्दाम सांगतोय.

आता ह्या उघडायच्या कशा? आउटलुक एक्स्प्रेस विंडोज एक्सपीबरोबर संपला, व्हिस्टात त्याच्या जागी विंडोज मेल आला. नव्या आउटलुकला डीबीएक्स ओळखता येत नाही. थंडरबर्ड हा फुकट मेल प्रोग्रॅम मेल्स एमबॉक्स नावाच्या साध्या प्रकारात ठेवतो, तोही डीबीएक्स थेट वाचत नाही. म्हणून जे कुणीही करेल तेच मी केलं: गूगलवर शोधलं, आणि सगळ्यात वर जे आलं त्यावर क्लिक केलं. ते जाहिरात म्हणून वर आलं होतं, हे मी तेव्हा वाचलं नाही.

कन्व्हर्टरचा, म्हणजे अशा फाइली दुसऱ्या प्रकारात बदलून देणाऱ्या प्रोग्रॅमचा, फुकट डेमो उतरवला. त्याने फोल्डर वाचला आणि डावीकडे काकांचे सगळे कप्पे उभे केले: ‘रत्नागिरी शाखा’, ‘अमेरिका’, ‘छापखाना’, ‘वाद’. (होय, ‘वाद’ असा वेगळा कप्पा होता, आणि तो भरलेला होता.) चार हजार आठशे मेल्सची यादी दिसली. मला अक्षरशः गहिवरून आलं. मग ‘सेव्ह’ दाबलं तर प्रत्येक कप्प्यातल्या पहिल्या दहाच मेल्स निघाल्या, बाकीच्यांना लायसेन्स लागेल, ३,४९९ रुपये. असे डेमो पुष्कळ प्रामाणिक लोकही देतात, सगळे कन्व्हर्टर विकणारे काही चोर नसतात. पण आपलंच ताट काचेपलीकडे मांडून दाखवल्यावर माणूस पाकीट काढतोच. मी क्रेडिट कार्डाने भरले.

लायसेन्स की आली नाही. मेल आली, तीत ‘ॲक्टिव्हेशनसाठी संपर्क’ म्हणून एक मोबाइल नंबर. कंपनीचा पत्ता नाही, जीएसटी नंबर असलेलं बिल नाही. मी फोन केला. पलीकडचा मुलगा इतका अदबीने बोलला की मलाच संकोच वाटायला लागला. “सर, ये बहुत पुराना फॉर्मॅट है, सीनियर टेक्निशियन देखेंगे, पाँच मिनट.” दूरून संगणक चालवायचं एक ॲप त्याने उतरवायला लावलं, त्यातला नऊ आकडी नंबर मी त्याला वाचून दाखवला आणि ‘परवानगी’ दाबलं.

माझ्या स्क्रीनवरचा बाण आपला आपण फिरायला लागला. आपल्याच घरात कुणीतरी चपला न काढता हिंडावं तसं वाटतं ते, पण मी गप्प बसलो. त्याने आधी इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली. “सर, एरर देखिए, सिस्टम इन्फेक्टेड है.” अशा लाल खुणा कुठल्याही चालत्या विंडोजमध्ये सापडतात, तुमच्यात आत्ता बघितलंत तरी निघतील. मला ते ठाऊक नव्हतं.

मग त्याने काकांची एक मेल उघडली. २००३ सालची, रत्नागिरीच्या एका आत्याबाईंची. स्क्रीनवर नुसता चिवडा: रोमन अक्षरं, मध्येच कंस, टक्क्याचं चिन्ह, दोन स्वल्पविराम लागोपाठ, एक मोठं आर. खाली फोटो मात्र व्यवस्थित. “देखिए सर, डेटा करप्ट हो गया. दो जीबी की लिमिट क्रॉस हुई है.” त्याने दुसरी उघडली, तिसरी उघडली. सगळ्या मराठी मेल्स तशाच. इंग्रजी मेल्स त्याने उघडल्या नाहीत, आणि मीही म्हटलं नाही की एक उघड बघू.

दोन जीबीची गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून ती गळी उतरते. आउटलुक एक्स्प्रेसची एकेक फाइल दोन जीबीच्या पुढे गेली की खरोखरच घात होतो. पण माझी सगळ्यात मोठी फाइल १.४ ची होती, आणि तो आकडा माझ्याच अक्षरात समोरच्या वहीत होता. मी वहीकडे बघितलं नाही, कारण मी त्या चिवड्याकडे बघत होतो.

‘सर्व्हर रिकव्हरी’चे १४,७५० रुपये. यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावर. मी विचारलं, कंपनीच्या खात्यावर का नाही? म्हणे खातं अपग्रेड होतंय. हे उत्तर मला पटलं, ह्याची आजही लाज वाटते. पैसे गेले, आणि सगळा फोल्डर त्यांच्या ‘सर्व्हर’वर चढायला लागला. मी चहा करून आणला आणि तो हिरवा पट्टा भरताना बघत बसलो. दोन दिवसांनी फोन: रिकव्हरी जमली नाही, सॉरी सर, रिफंड देतो, पाठवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.

ही मागे कणीक मळत होती. तिथूनच म्हणाली, “पैसे यायचेत ना? मग पिन कशाला?”

इतकंच. माझ्या हातातला फोन तसाच राहिला. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे मी स्वतः सोसायटीतल्या तीन आजोबांना शिकवलेलं आहे.

मग नेट बंद केलं, ते ॲप काढलं, दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलले, १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला आणि सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली. मधले दोन दिवस वाया गेले होते, तोवर खात्यातून रक्कम पुढे सरकलेली. कार्डाचे ३,४९९ बँकेने वाद नोंदवून दीड महिन्याने परत मिळवून दिले, कारण वस्तूच मिळाली नव्हती. १४,७५० चा पिन मी माझ्या हाताने टाकला होता; बँकेच्या लेखी तो अनधिकृत व्यवहारच नव्हता. असं काही झालं तर १९३० ला पहिल्या तासातच लावा. रक्कम जितकी पुढे सरकेल तितकं ती गोठवणं अवघड.

आता त्या सीपीयूचं. महिनाभराने डिस्क घेऊन मी पेठेतल्या एका जुन्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने सीपीयूही मागवून घेतला, मागची पट्टी उघडली, नाक लावून वास घेतला आणि म्हणाला, “काका, एसएमपीएस उडालाय, वीज पुरवणारा डबा. बाकी ठणठणीत.” सातशे रुपयांत दुसरा बसवला, डिस्क परत जागेवर लावली. आधी तिची एक अख्खी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढून घेतली, त्याशिवाय बटणाला हात लावू दिला नाही. ही त्याची शिस्त, माझी नव्हे.

एक्सपीचं ते हिरवं माळरान आलं. आउटलुक एक्स्प्रेस उघडला. मी रत्नागिरी शाखेत जाऊन ती २००३ ची मेल काढली.

“ती. दादांस शि. सा. न. वि. वि.” स्वच्छ, गोल, शिवाजी फॉन्टमधलं मराठी. पुढे आत्याबाईंच्या सासरची चार पिढ्यांची नावं.

काहीच करप्ट नव्हतं. युनिकोड, म्हणजे आज कुठल्याही मशिनवर वाचता येणारी पद्धत, रुळायच्या आधी आपण शिवाजी, कृतीदेव, श्री-लिपी असल्या फॉन्टांत लिहायचो. आत साठायची रोमन अक्षरं, वर दिसायचं मराठी. तो फॉन्ट काकांच्या मशिनवर होता, माझ्या लॅपटॉपवर नव्हता. बस्स. त्या मुलाला हे माहीत होतं की नाही कोण जाणे. त्याला मराठी येत नव्हतं, पण न वाचता येणारी पानं दाखवली की गिऱ्हाईक घाबरतं एवढं नक्की येत होतं. मला मराठी येतं, कृतीदेवमध्ये मी स्वतः परीक्षेचे पेपर टाइप केले आहेत, आणि तरी मला ओळखू आलं नाही.

पुढचं काम फुकटात झालं. आउटलुक एक्स्प्रेसमध्येच एकेका कप्प्यातल्या मेल्स निवडायच्या आणि उंदराने ओढून साध्या फोल्डरात टाकायच्या. प्रत्येकीची ईएमएल फाइल होते. हजार-पाचशेच्या गठ्ठ्यांनी केलं. तो प्रोग्रॅम मध्येच ‘मेसेजेस कॉम्पॅक्ट करू का’ विचारतो (शंभरदा बंद केला की विचारतोच), तेव्हा ‘कॅन्सल’. ते अर्धवट राहून लोकांच्या मेल्स गेलेल्या आहेत. मग ईएमएलचे फोल्डर पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर, आणि थंडरबर्डमध्ये ‘इम्पोर्ट एक्स्पोर्ट टूल्स एनजी’ नावाचं फुकट ॲड-ऑन घालून आत. शिवाजी फॉन्ट काकांच्या मशिनवरून उचलून नव्यावर टाकला. युनिकोडमध्ये बदलायचं काम चालू आहे. जोडाक्षरं आणि रफार फसतात, नजरेखालून घालावं लागतं. दोन रविवार गेले असतील, खर्च त्या एसएमपीएसचे सातशे.

पैशाचं दुःख एव्हाना बोथट झालंय. जे झालंय ते वेगळंच. कुलवृत्तांत म्हणजे काय असतं? नाव, जन्मतारीख, गाव, पत्ता, फोन, बायकोचं माहेरचं आडनाव, आईचं माहेरचं आडनाव. हे सगळं मी हिरवा पट्टा बघत, चहा पीत, अनोळखी माणसाच्या हवाली केलं. न्यू जर्सीतल्या चुलतबहिणीने सांगितलं तेव्हा पोटात गोळा आला: तिच्या बँकेत फोनवर ओळख पटवायला आईचं माहेरचं आडनावच विचारतात. आणि तीन आठवड्यांत रत्नागिरीच्या त्याच शाखेतल्या एका वहिनींना फोन आला, नव्या आवृत्तीची प्रत राखून ठेवायची तर अकराशे भरा. बोलणाऱ्याला त्यांच्या सासऱ्यांचं नाव माहीत होतं. तोच माणूस होता हे मी सिद्ध करू शकत नाही. पण त्या नावांची दुसरी प्रत कुणाकडे होती?

म्हणून काकांच्या वहीतल्या, म्हणजे मेल्समधल्या, सगळ्या पत्त्यांना मी सविस्तर कळवलं. काय झालं, कुणाची चूक, काय जपा: आमच्या नावाने पैसे मागणारा कुणीही आला तर देऊ नका, बँकेतले गुप्त प्रश्न बदला, मला शिव्या द्यायच्या तर माझा नंबर खाली आहे. तीनशे चाळीस पत्ते. निम्म्याहून जास्त लगेच परत आले. संचारनेट, व्हीएसएनएल, नोकरी सुटलेल्या कंपन्यांचे पत्ते. बाकी बहुतेक गप्प. एकच लांब उत्तर आलं, दुसऱ्या दिवशी पहाटे, बेळगावच्या एका ऐंशीच्या पुढच्या गृहस्थांचं. फसवणुकीबद्दल अवाक्षर नाही. पान २१२ वर त्यांच्या आजोबांचं नाव विनायकऐवजी विश्वनाथ पडलंय, २००५ साली काकांना तीनदा लिहूनही दुरुस्त झालं नाही, ते ‘वाद’ ह्या कप्प्यात सापडेल, ह्यावेळी तरी बघावं.

बघितलं. सापडलं.